मागची बैठक

थोरली लेक ओपल हिचं लग्न झालं, त्याच वर्षीच्या सप्टेंबरातली ही गोष्ट. वर्लिन सटन न्यू नदीवर पाहुण्यांना होडीतून बास मासे धरायला न्यायचा. सकाळी निघायचं आणि जेवणाच्या आत परतायचं. लग्नाची भेट म्हणून त्याने जावयाला, ड्वाइटला, तशीच एक फेरी देऊ केली.

"पपा, त्याला पोहता येत नाही हं," ओपलने निघताना बजावलं.

ड्वाइट गळ घेऊन पुढे बसला, वर्लिन मध्ये वल्ह्यांवर, पुढे तोंड करून. एरवी पाहुणे जोडीने येत, एक पुढे आणि एक मागे. आज मागची बैठक रिकामी होती.

पहिलं खळाळतं पाणी आलं तसा वर्लिन तीस वर्षांच्या सवयीने ओरडला, "मागचे, डावीकडे झुका."

होडी डावीकडे झुकली.

"सासरेबुवा, सकाळीच घेतलीत का? कुणाला सांगताय?" म्हणत ड्वाइटने मागे वळून पाहिलं, आणि त्याचं हसू तिथंच विरलं.

"काय आहे?"

"तुम्ही बघू नका. होडी कडेला घ्या."

कडेला उतरायला जागा नव्हती, दोन्हीकडे सरळ कडे होते. वर्लिनला वल्ह्यांतून मागचं वजन कळत होतं, चांगल्या धिप्पाड माणसाचं. पुढे पुन्हा पाणी खळाळू लागलं. या वेळी त्याने दात आवळून धरले आणि एक अक्षर काढलं नाही.

होडी आपणहून उजवीकडे झुकली, ड्वाइट टेकला होता त्या बाजूला, आणि झुकतच राहिली.

ड्वाइट मर्फी त्या शनिवारी सकाळी सव्वादहाला बुडून वारला.