डोळ्यांदेखत शिजलेलं

मार्तानं ताटावर आडवा हात धरला आणि पंचफुलाबाईंच्या हातातली पुरणपोळी हवेतच राहिली. पुरणपोळीला नको म्हणणारं माणूस या घरानं अजून पाहिलं नव्हतं. बाई क्षणभर तशाच वाकून उभ्या राहिल्या, मग ती पोळी त्यांनी नवऱ्याच्या ताटात टाकली. मधुकररावांच्या ताटात आधीच भरपूर पोळ्या होत्या, पण ही वेळ बोलण्याची नाही एवढं त्यांना कळलं.

कैलास हा त्यांचा मुलगा. तो पोलंडमध्ये नोकरीला, मार्ता तिथलीच, त्याच्याच ऑफिसातली. लग्न करीन तर हिच्याशीच, असं त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली होती, आधी पोरगी आण, मग पाहू. आईचं 'पाहू' म्हणजे निम्मं 'नाही'च, हे त्याला लहानपणापासून माहीत. तरी तो तिला थेट गावी घेऊन आला. आणि हातपाय धुऊन ती पाटावर टेकते न टेकते तोच हे.

प्रवासानं तिचं पोट बिघडलंय, असं सांगून तो वेळ मारून नेणार होता. पण मधुकररावांना कुठला दम! होऊ घातलेल्या सुनेचं कौतुक करायची हीच संधी त्यांना सापडली. ते गाडी घेऊन दोघांना आणायला पुलगाव स्टेशनवर गेले होते. तिथं बाहेरच्या हातगाडीवर पोरीनं आलूबोंडे कसे हाणले, वर तळलेली मिरची चावली, डोळ्यांतून पाणी आलं तरी कशी हसत होती, सगळं त्यांनी रंगवून रंगवून सांगितलं. सांगताना बायकोच्या तोंडाकडे पाहायचं तेवढं राहून गेलं.

"म्हंजे रस्त्यावरचं चालते," पंचफुलाबाई म्हणाल्या. "माह्या हातचं चालत नाई."

आता कैलास काय सांगणार, कप्पाळ? मार्ताचा हिशेब साधा होता. निघण्याआधी लशीच्या सुया टोचणाऱ्या डॉक्टरीणबाईनं तिला बजावलं होतं, परदेशात रस्त्यावर खुशाल खा, पण डोळ्यांसमोर शिजलेलं आणि तोंड भाजेल असं गरम, तेवढंच. करून झाकून ठेवलेलं नको, कच्चं चिरलेलं नको. आलूबोंडा उकळत्या तेलातून थेट तिच्या हातात आला, म्हणून तो पास. आणि पाव्हणी येणार म्हणून पंचफुलाबाईंनी पहाटेपासून खपून केलेल्या पोळ्या, वडे, कढी, काकडीची कोशिंबीर हे सगळं चैत्रातल्या उन्हात दुपारपर्यंत झाकून होतं, म्हणून ते नापास. हे आईला सांगायचं म्हणजे, तुझ्या हातचं खाल्लं तर पोरगी आजारी पडेल, असं सांगायचं. त्यापेक्षा परत विमानात बसलेलं बरं.

पंचफुलाबाई मागच्या अंगणात निघून गेल्या. तिथून भांडी आदळल्याचा आवाज आला. काय झालं, असं मार्तानं विचारलं आणि कैलासनं तिला खरं ते सांगितलं. ऐकून ती कावरीबावरी झाली. मग उठली, अंगणात गेली आणि चुलीपुढे बसलेल्या पंचफुलाबाईंच्या शेजारी मातीतच फतकल मारून बसली. चुलीकडे बोट केलं, स्वतःच्या तोंडाकडे केलं आणि इंग्रजीत काहीतरी बोलली.

"काय म्हणते ते?" आईनं कैलासला विचारलं.

आत्ता इथं माझ्यासमोर काहीही शिजवा, मी आनंदानं खाईन, असं ती म्हणत होती. कैलासनं ठोकून दिलं, "तिले तुह्या हातचा सैपाक शिकाचा हाय, आई. करताना पाहीन अन् मंगच खाईन म्हणते."

पंचफुलाबाईंनी पोरीकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग परातीत जवारीचं पीठ घेतलं.

कैलास दारात जीव मुठीत धरून उभा राहिला. मार्ताची नजर काही केल्या हटेना. हात धुतले का, पीठ कुठल्या डब्यातलं, पाणी उकळलं का, सगळ्यावर तिचा पहारा. झुणका रटरटेपर्यंत ती चुलीपासून मागे सरली नाही. पंचफुलाबाईही एकेक गोष्ट तिच्या नाकासमोर नेऊन दाखवत होत्या. बेसन दाखवलं. तिखट दाखवलं आणि हे हिला झेपायचं नाही म्हणत अर्धं डब्यात परत टाकलं. भाकर टम्म फुगली तशी तिचा तुकडा मोडून झुणक्याला लावला आणि तो त्यांनी स्वतःच खाल्ला. पाव्हण्याच्या आधी कधी घोट पाणी न पिणारी आपली आई, तिला आज काय झालं, कैलासला कळेना. उरलेली भाकर त्यांनी मार्ताच्या हातावर ठेवली. चटका बसला तशी ती हसली, फुंकर घालत खाल्ली आणि दुसरी मागून घेतली.

जेवून मार्ता बाजेवर लवंडली. कैलास आईजवळ येऊन बसला. पोरीला शिकायची भारी हौस आहे, अशी त्यानं हळूच पुस्ती जोडली.

"हौस नाई अन् काई नाई," पंचफुलाबाई चुलीतली लाकडं मागे ओढत म्हणाल्या. "भेवापायी बसली होती ते. मी काय घालतो, काय नाई, पाहून राह्यली होती."

कैलासचं तोंड एवढंसं झालं. डॉक्टरीणबाईचं खरं सांगायला त्यानं सुरुवात केली, पण आईनं हातानंच त्याला गप्प केलं.

"पोरगी आपल्या घरात निभंन. लगनाची तारीख पाहून टाकजो."

त्याला काही अर्थबोध होईना. भीतीनं बसली होती म्हणतेस आणि वर तारीख काढायला सांगतेस, हे कसं, असं त्यानं विचारलं.

"मले मायनं लगनात कानात सांगून धाडलं होतं, सासूनं डोयादेखत शिजवलं तेच खाजो म्हणून. वर्षभर मी याच चुलीपाशी बसून जेवली." पंचफुलाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "अन् तुही आजी गावभर सांगत फिरे, सून सैपाकाची मोठी हौशी भेटली."