तीन वर्षांचं कुंकू

राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या साली बहादरपूरची सरुबाई लोधीपुऱ्यात पुराणिक वकिलांकडे आली. तिचा नवरा लोटू ज्या कोळशाच्या खाणीत कामाला होता तिच्यात पाणी शिरलं होतं, आणि लोटूचं प्रेत काही हाती लागलं नव्हतं. वकील खाणमालकांचे आहेत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ब्रह्मदेशाच्या लढाईत हाच वकील बेपत्ता झाला होता, नदीवर राजघाटावर त्याचं पिंडदानसुद्धा उरकलं होतं, आणि एक दिवस तो आपल्या पायांनी घरी चालत आला होता, हेही तिला ठाऊक होतं.

"साहेब, गावच्या बाया म्हनतात कुंकू पूस. पुसू का?"

"कशाला? तो त्या दिवशी खाणीत उतरलाच नव्हता. गेला असेल कुठंतरी निघून." वकिलांनी तिच्या कपाळाकडे न बघता कागद पुढे सरकवला. "तसंच लिहिलंय यात. अंगठा दे."

तिचा चेहरा उजळला. तिनं चांगला दाबून अंगठा उमटवला आणि वकिलांच्या पाया पडली. उंबऱ्यात मात्र थबकली.

"साहेब, तुमी किती वरसांनी आल्ते?"

"तीन."

"मंग मी तीन वरस कुंकू लावते."

ती गेल्यावर वकिलांनी टेबलाचा खण उघडला. खाणीत उतरताना मजूर आपल्या नंबराचा पितळी बिल्ला फाटकावर ठेवतो, आणि वर आला की मागून घेतो. लोटूचा बिल्ला खणात होता.