दोन गुण कमी

पहिला तडाखा आईने चुकवला, दुसरा बारकीच्या खांद्यावर बसला. ती नेहमीसारखी मधे घुसली होती. नावाने बारकी, अंगानेही काडी, पण बापाचा हात उठला की घरात सगळ्यांत पुढे तीच. बाप गॅरेजमध्ये चेपलेल्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करायचा. घरी आल्यावरही त्याचा हात थांबत नसे, इतकंच. आज भाजीत मीठ कमी होतं. काल जास्त होतं.

दमल्यावर तो दार आपटून बाहेर गेला. बारकीने आईच्या कपाळावर ओला फडका धरला, आणि सकाळपासून घशाशी आलेला प्रश्न आईने विचारून टाकला.

"निकाल लागला ना गं?"

"लागला." बारकीने मोबाइल पुढे केला. "दोन गुण कमी पडले."

आई मटकन खाली बसली. मार सोसवला होता, हे सोसवेना.

बारकीला या घरातून बाहेर काढायची वाट आईनेच शोधली होती. दिवसभर लॉन्ड्रीत इस्त्री रेटायची आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर एकेका कॉलेजची माहिती चाळायची. बहुतेक शिष्यवृत्त्यांना अर्ज लागे आणि अर्जावर वडिलांची सही. सहीचं नाव काढलं तर तो अर्जासकट हात पिरगाळेल, हे दोघींना ठाऊक होतं. मग एक दूरचं कॉलेज सापडलं. तिथे अर्जाची भानगडच नव्हती. शाळेचे आणि प्रवेश परीक्षेचे गुण ठरलेल्या आकड्याच्या वर गेले की शिष्यवृत्ती आपोआप पदरात. फी माफ, वसतिगृह माफ, जेवणसुद्धा फुकट. आकडा हुकला तर निम्मी फी माफ, आणि राहायचं कुठे ते ज्याचं त्याने बघायचं. शाळेत बारकी पहिली आली होती. प्रवेश परीक्षा तर तिच्या डाव्या हातचा मळ.

"पुढच्या महिन्यात परत देता येते," आई म्हणाली. "दोन्हींतले जास्त असतील ते गुण धरतात. वाचलंय मी."

"कशाला? परत दिली तरी तेवढेच पडतील."

"तेवढेच कसे पडतील?"

बारकी फडका पिळत राहिली. आईने हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं.

"शेवटचे प्रश्न येत होते मला," बारकी म्हणाली. "कोरे ठेवले. मी गेल्यावर तुला सोडवायला मधे कोण पडणार, आई?"

आईचा हात उठला. थप्पड अशी बसली की बारकी भिंतीवर जाऊन आदळली. जन्मात पहिल्यांदा आईने तिला मारलं होतं. इतकी वर्षं जड इस्त्री रेटून आपल्या हातात केवढं बळ साठलंय, हे आईला त्या क्षणी कळलं. पोरीला कुशीत घ्यायला ती पुढे झालीसुद्धा. पण बारकीच्या डोळ्यांत रागाचा लवलेश नव्हता. ती आईकडे कीव आल्यासारखी बघत होती. ही कीव आहे तोवर पोरगी उंबरठा ओलांडायची नाही, आपल्यापायी इथेच कुजेल. आईने दात आवळले आणि तोच हात परत उगारला.

त्या महिन्यात घरात मारणारे दोघं झाले. चहा सांडला, चापट. हाकेला ओ दिली नाही, धपाटा. बापाला अडवायला बारकी धावली की आईच तिला वेणीला धरून बाजूला भिरकावायची. "तू कोण गं मोठी लागून गेलीस? चोंबडी!" बाप तर खूशच झाला. "उशिरा का होईना, अक्कल आली तुला," तो म्हणाला आणि मग तिलाही दोन ठेवून दिल्या. शेजारीण जिन्यात कुणाला तरी सांगत होती, "वाण नाही पण गुण लागला हो." आईने ऐकलं आणि खाली मान घालून बादली उचलली. लॉन्ड्रीत मात्र वाफेच्या आडोशाला उभी राहून ती ढसाढसा रडायची, आणि कुणी विचारलं तर डोळ्यांत वाफ गेली म्हणायची.

बारकीने परीक्षा परत दिली. या वेळी एकही प्रश्न कोरा ठेवला नाही. निकालाबरोबरच कॉलेजचा निरोप मोबाइलवर आला. शिष्यवृत्ती मिळाली होती, वसतिगृहात खोली राखून ठेवली होती, आणि सही कुणाचीच मागितली नव्हती.

जायच्या दिवशी बाप गॅरेजवर होता. बॅग खांद्याला लावून बारकी दारात उभी राहिली. तिचा ओठ सुजला होता. आदल्या दिवशीचा तो फटका आईचाच होता.

"तूसुद्धा बाबांसारखीच निघालीस," बारकी म्हणाली. "मी परत येणार नाही."

"नको येऊस."

बारकी जिना उतरली. रस्त्याच्या कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली तरी तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. खिडकीत उभ्या आईच्या काळजाचं पाणी झालं, आणि तरीही तिला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. तिने तोंड धुतलं आणि स्वयंपाकाला लागली.

संध्याकाळी बाप आला. पोरगी गेल्याचं कळल्यावर त्याने आधी ताट भिंतीवर फोडलं, मग खुर्ची मोडली. मग कमरेचा पट्टा काढून तो मुठीभोवती गुंडाळत बायकोकडे सरकला.

"तूच फितवलंस तिला. आज तुला सोडवायला मधे कोणी नाही."

तिने त्याला वळसा घालून दार लोटलं, आतून कडी घातली आणि बाह्या वर सारल्या.

"तुम्हालाही नाही," ती म्हणाली.