चार ओळींची जागा

अकरावं नाव लिहून झालं तसा पेंटरकाकांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला. "बघा बाई, आहे का कुठे बोट ठेवायला जागा?"

चित्रकलेच्या बाई दोन पावलं मागे सरकल्या. सभागृहाच्या भिंतीला टेकवलेला काळा लाकडी फलक. त्यावर लढाईत कामी आलेले शाळेचे अकरा माजी विद्यार्थी, प्रत्येकापुढे शाळा सोडल्याचं वर्ष. अक्षर मोत्यासारखं. पण शेवटच्या नावाखाली हातभर फलक कोराच होता.

"हे खाली मोकळं का सोडलंत?"

"चार ओळींची जागा ठेवलीय. पुढेमागे लागली तर?" काकांनी भिंतीवरच्या जुन्या बोर्डांकडे हनुवटीने खूण केली. "गुणवंतांच्या बोर्डाला ठेवली, मुख्याध्यापकांच्या ठेवली. म्हणून तर तीस वर्षांत माझा एक बोर्ड उतरवावा लागला नाही."

बाईंची लेक पहिलीत होती. मधल्या सुट्टीत ती आईजवळ बसूनच डबा खायची. खायची कसली, आई खाऊ घालायची. आज सभागृहात बसल्यावर फलकाचा कोरा भाग नेमका तिच्या नाकासमोर येत होता. तिने त्यावर पंजा ठेवला.

"काका, माझं नाव मावेल इथे?"

"मावेल की! वर तीन ओळी उरतील."

बाईंनी तिचा हात असा खेचला की डब्याचं झाकण गडगडत पार दारापर्यंत गेलं.

"काका, खालचा भाग कापा."

"कापू? अहो, उद्या कार्यक्रम आहे! फक्त किनार ओढायची राहिलीय."

झाकणाच्या आवाजाने मोठ्या बाई ऑफिसातून बाहेर आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "तुमचं आपलं काहीतरीच. सहलीच्या बसचे ब्रेकसुद्धा तुम्ही तपासायला लावता. कोरी जागा काय कोणाला खाते?"

"मला खाते." चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. "उद्या सातशे मुलं यासमोर उभी राहणार. या, तुमची जागा धरून ठेवलीय, असं सांगायचं का त्यांना?"

"आणि पुढे कोणी खरंच गेलं तर? त्याच्या घरच्यांना काय सांगायचं, बोर्ड भरला?"

"तर नवा करू. अकराच्या अकरा नावं पुन्हा लिहू, आणि बारावं. तेवढे कष्ट पडलेच पाहिजेत आपल्याला."

मोठ्या बाई काही बोलणार होत्या, पण दाराकडे बघून थांबल्या. झाकण उचलून मावशी आत आल्या होत्या. शाळेची घंटा देणाऱ्या मावशी. अकरावं नाव त्यांच्या मुलाचं होतं.

मावशींनी झाकण पोरीच्या हातात दिलं. मग फलकापुढे उकिडव्या बसल्या. शेवटच्या नावाखाली दोन बोटं आडवी धरली.

"एवढं राहू द्या. नाव गुदमरायला नको. इथून कापा."

"मावशी, तुम्हाला चालेल?" मोठ्या बाईंनी हळूच विचारलं.

"करवत सामानाच्या खोलीत आहे," मावशी म्हणाल्या. "आणते."

काकांनी रेघ मारली आणि कापलं. पोरगी भुशात बोटं घालून बसली; आज आईने तिला "हात घाण होतील" म्हटलं नाही. कडेला पॉलिशपेपर मारून काकांनी पिवळी किनार ओढली आणि मान तिरपी करून बघितलं.

"आता पुरा दिसतोय," ते म्हणाले. जरा नाखुशीनेच.

कापलेली फळी काखेत मारून मावशी नळांकडे निघाल्या. तिथे लहान मुलींचे हात नळाला पुरत नसत. रोज कोणीतरी कोणालातरी उचलून धरायचं. मावशींनी चार विटा मांडल्या, काळी बाजू खाली करून फळी ठेवली, आधी स्वतः तिच्यावर उभ्या राहिल्या, दोनदा पाय आपटून पाहिले.

घंटेला अजून पाच मिनिटं होती. बाईंची लेक आईचा हात सोडवून धावली. "सावकाश" हा शब्द बाईंच्या ओठांवर आला आणि तिथेच राहिला. पोरगी फळीवर चढली. नळ तिने स्वतः सोडला, ओंजळ स्वतः धरली. मागून आणखी तिघी-चौघी चढायला लागल्या.

"ढकलाढकली नको गं," मावशी म्हणाल्या. "जागा आहे सगळ्यांना."