पुरातन अंगाई

परदेशातली लोकगीतं गोळा करायला गेलेली ती वर्षभर एका लाँड्रीवाल्या म्हातारीच्या मागे रेकॉर्डर घेऊन हिंडली. "आधी तू गा, मग मी," हा म्हातारीचा हेका. म्हणून ती दर खेपेला, आईने लाडाने तिच्यावरच रचलेली 'नीज गं ठमाबाई' ही अंगाई गायची. म्हातारी इस्त्री फिरवत नुसती गालातल्या गालात हसायची. शेवटी प्रबंध बारगळला आणि ती हात हलवत घरी परतली.

यंदा तिथल्या सरांनी नव्या विद्यार्थ्याचा गाजलेला निबंध पाठवला. "याला म्हणतात चिकाटी! त्याच म्हातारीकडून याने पुरातन अंगाई गाऊन घेतली."

निबंधाखाली तळटीप होती : 'गीतातली "ठमाबाई" ही बहुधा इथली लुप्त झालेली देवी असावी.'