एर्गेशच्या बागेतला पीर

जर्दाळूच्या बागेला लागून लाल टोकाचा खुंट ठोकलेला दिसला, तेव्हा एर्गेशने आधी शेजाऱ्यावर संशय घेतला, मग बायकोवर, शेवटी सरकारवर. सरकारवरचा टिकला.

खोऱ्यात रेल्वे आणायला सरकारने पैसा मंजूर केल्याची बातमी गावाने टीव्हीवर पाहिलीच होती. खुंट ठोकणारे मोजणीवाले थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाले, "अजून काही ठरलं नाही, अके." चहा घेतला, पण साखर नको म्हणाले. ज्याला साखर नको, त्याला जमीन हवी असते, असा एर्गेशचा हिशेब.

"बापानं लावलेली झाडं," तो बायकोला म्हणाला. "एक फांदी तोडू देणार नाही."

"मग जाऊन सांगा त्यांना," बुसारा म्हणाली.

"माझं कोण ऐकतंय? पिराचं ऐकतील."

वरच्या गावात नवा रस्ता एका मजारीला, पिराच्या थडग्याला, वळसा घालून गेला होता. बुलडोझरवालाच खाली उतरला होता. नोकरी गेली तरी चालेल, म्हणाला, पण हे पाप नको.

पहाटे एर्गेशने बागेच्या टोकाला तुतीखाली थडग्यासारखे दगड रचले, फांदीला दोन पांढऱ्या चिंध्या बांधल्या आणि चहाच्या दुकानात जाऊन स्वप्न सांगितलं. तुतीखाली निजलेला पांढऱ्या अंगरख्याचा पीर म्हणे आजोबांच्याही स्वप्नात यायचा.

"इतकी वर्षं कुठं होता रे हा?" शेजारच्या कामचिबेकने विचारलं. "तुझे जर्दाळू खात पडला होता?"

"खाऊ दे की. तुझ्यासारखं चोरून तर खात नाही."

सगळे हसले. पण गुरुवारी पहिली भाकरी घेऊन आली ती कामचिबेकचीच बायको. महिन्याभरात तिच्या सुनेला दिवस गेले आणि मग काही विचारू नका. चिंध्यांनी तुती दिसेनाशी झाली. परगावच्या मिनीबस येऊ लागल्या. एर्गेश कुंपणाशी बसून बायकांच्या पिशव्यांवर नजर ठेवी. पिराला मागायला आलेली माणसं जाताना झाडाकडेही बघतात, हे त्याला ठाऊक होतं.

शरदात रेल्वेची इंजिनियर आली. जिलदिझ नावाची तरुण बाई. मजारीपुढे तळवे उघडून दुआ मागत उभी राहिली, तोंडावरून फिरवले, मग एर्गेशपाशी येऊन बसली.

"गुरुवारी किती माणसं येतात, अके?"

एर्गेशने तिला न्याहाळलं. कमी सांगावं तर पीर हलका पडायचा.

"मोजणार कोण, पोरी? तीन जिल्ह्यांतून येतात. उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते."

"मिनीबसनंच?"

"तर काय! म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या मांडीवर बसून येतात."

"म्हणजे सोय झाली तर आणखी येतील?"

"दुप्पट! पिराची कीर्ती अजून कुठं पोचलीय पुरती?"

"काळजी करू नका, अके. मजारीच्या दगडालाही धक्का लागणार नाही. मी शब्द देते."

एर्गेशने छाती भरून श्वास घेतला आणि बुसाराला चहा आणायला सांगितलं. पोरीने दोन चमचे साखर घेतली. त्याने स्वतः उठून बशीभर सुके जर्दाळू तिच्यापुढे ठेवले.

"खरं सांगू?" जिलदिझ बी काढत म्हणाली. "आमचा मार्ग नदीपलीकडून जायचा होता. माळरान आहे, कुणाचं काही जात नव्हतं. हा काठ आम्ही नुसताच मोजून ठेवला होता. पण पलीकडं गाडी थांबवायची कुणासाठी, प्रवासी दाखवा, म्हणून वरून स्थानकाचा पैसा अडला होता."

"मग?" एर्गेशने विचारलं.

तिने बागेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"मग काय, अके, तुमचा पीर पावला. मार्ग आता या काठानं. मजार तिथंच राहील, आणि एवढी झाडं काढली की दोन फलाट आरामात बसतात."