गुळगुळीत

आईची नजर पूर्ण गेली, तरी डब्यातले जुने फोटो काही तिच्या हातून सुटले नाहीत. एकेक मांडीवर घेऊन दिवसभर त्यांच्याशी पुटपुटत बसायची. हाताळून हाताळून त्यांच्या पार चिंध्या व्हायला आल्या, तेव्हा लेकाने एकदाचं मनावर घेतलं. गोडीगुलाबीने डबा काढून घेतला. मऊ ब्रशने बुरशी झाडली, चिरा मागून पातळ कागद लावून बुजवल्या, कसरीने खाल्लेले कोपरे भरून काढले. मग सगळे फोटो एकाच मापाच्या पुठ्ठ्यांवर चिकटवून प्लॅस्टिकमध्ये बंद केले आणि रविवारी आईच्या मांडीवर आणून ठेवले.

"घे. आता शंभर वर्षं मरण नाही त्यांना."

आईने वरच्या फोटोवरून बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. तो बाजूला ठेवून दुसरा घेतला, मग तिसरा.

"तुझ्या बाबांच्या खांद्यावरची चीर कुठाय रे?"

"बुजवली की! हात लावून बघ, कळतसुद्धा नाही."

"आणि ताईचा तो कुरतडलेला कोपरा?"

"तोही... भरला."

आई बराच वेळ फोटो उलटसुलट करत राहिली. मग तिने ते सगळे नीट डब्यात रचले आणि झाकण लावलं.

"छान केलंस हो," ती म्हणाली. "फक्त उद्यापासून तू कामावर गेलास, की घरात मी एकटीच."